सोमवारची गाडी

"सोमवारी पट्ट्यावर कोण होतं?" दीपक साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"मीच व्हते साहेब," गुलजारबी तिसऱ्यांदा म्हणाली.

पट्ट्यावरचा जुना माणूस कारभारी दाराशी उभा होता. त्याने खिडकीतून बाहेरच्या टाकीकडे बघितलं. टाकी आंबली होती. नाशिकमधल्या हॉटेलांचं, मंगल कार्यालयांचं उरलेलं अन्न त्या टाकीत कुजायचं आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालायचं. इंजिन वीज द्यायचं आणि स्वतः तापायचं, तर त्या तापावर पाणी गरम होऊन शेजारच्या वृद्धाश्रमात जायचं. कालपासून गॅसच नव्हता. ऐन डिसेंबरात चाळीस म्हाताऱ्यांना गार पाण्याच्या बादल्या मिळाल्या होत्या.

"गोड एकदम टाकायचं नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" साहेब म्हणाले. "बासुंदी, जिलब्या, लाडू. चार दिवसांचं खाणं एका सकाळी ओतलंत! टाकीलाही पोट असतं, बाई."

टाकीलाही पोट असतं, हे वाक्य कारभारीचं. गुलजारबीला सरकत्या पट्ट्यावर कचरा निवडायला त्यानेच शिकवलं होतं. लग्नाची गाडी आली की तो कमरेवर हात ठेवून ओरडायचा, "आला बघा कोण्या शहाण्याचा थाट!" पट्ट्यावरच्या बायका खूप हसायच्या.

आणि रविवारी कारभारीच्या हर्षालीचं लग्न झालं. बाराशे पानांचा स्वयंपाक सांगितला होता. बायको म्हणाली, दाट तिथ आहे, त्या दिवशी लग्नं खूप, माणसं विभागतील. कारभारीने ऐकलं नाही. व्याह्यांना त्याने विजेच्या प्रकल्पावर आहे म्हणून सांगितलं होतं, कचऱ्याचा शब्द काढला नव्हता, आणि त्या इभ्रतीला साजेसं जेवण नको? पाचशे माणसं जेवली. उरलेल्या पातेल्यांकडे बघताना त्याला कळलं की हे सगळं उद्या कुठे जाणार आहे.

त्याची बुधवारपर्यंत रजा होती. तरी सोमवारी उजाडता उजाडता तो प्रकल्पावर हजर झाला, अंगाला हळदीचा वास तसाच. गाडी रिकामी झालेली होती. पट्ट्यापाशी एकटी गुलजारबी. ढिगात त्याच्या घरचे लाडवांचे खोके होते, पण सगळ्यांची झाकणं फाडून काढलेली. झाकणांवर सोनेरी अक्षरांत नावं छापली होती. कार्यालयवाल्यांनी फाडली असतील, बरं झालं, असं त्याला वाटलं. गुलजारबीला त्याने लग्नाला बोलावलं नव्हतं, तेव्हा तिला कसं कळणार?

"तू चहा घेऊन ये, मी बघतो," तो तिला म्हणाला होता. दुसऱ्या बायका यायच्या आत त्याने सगळी गाडी टाकीत लोटली आणि घरी जाऊन पूजेला बसला.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

गुलजारबीने एकदाच कारभारीकडे बघितलं. आता ही बोलणार, म्हणून त्याने मान खाली घातली. पण पदर सावरून ती बाहेर गेली. कारभारीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची त्याला इतकी शरम वाटली की त्याला तिथे उभं राहवेना.

त्याने तिला फाटकापाशी गाठलं.

"मी आलो व्हतो, हे साहेबांना का नाय सांगितलं?"

तिने खांद्यावरच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक गठ्ठा काढून त्याच्या हातात दिला. त्यात झाकणं होती. एकावर एक नीट रचलेली, ओल्या फडक्याने पुसलेली. चि. सौ. कां. हर्षाली आणि चि. सार्थक. एकावरही डाग नव्हता.

"गाडी खाली झाली तवाच पोरीचं नाव वळखलं, झाकणं काढून घेतली," ती म्हणाली. "बायका हसल्या असत्या भाऊ. आन् नव्या नवरीचं नाव उष्ट्यात कसं जाऊ द्यायचं? मलाबी पोरी हायेत. रोज आणते गठ्ठा, तर तुम्ही रजेवर. आज द्यायची हिंमतच व्हईना."

"गुलजारबी, लग्नाचं... तुला सांगायचं राहूनच गेलं."

"राहून नाय गेलं, भाऊ," ती शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कारभारीला सोसला असता.

तो तिथेच उभा राहिला. बाराशे माणसांच्या यादीत जिला जागा मिळाली नाही, तिने तीन दिवस त्याच्या लेकीचं नाव जपलं होतं आणि आज त्यापायी पोटावरची लाथही खाल्ली होती. उद्या पट्ट्यावरच्या बायका हसतील. व्याह्यांच्या कानावर जाईल. जाऊ दे.

"तुम्ही थांबा इथं," तो म्हणाला. "घरी जाऊ नका."

दीपक साहेब वृद्धाश्रमाशी फोनवर बोलत होते. कारभारीने वरचं एक झाकण काढून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं, नाव दिसेल असं.

"साहेब," तो म्हणाला, "सोमवारी पट्ट्यावर मी व्हतो."