हुंकारा

पुसदच्या बसस्टँडामागं पोत्यावर राहणारी रुक्माबाई हुंकाऱ्याशिवाय गोष्ट सांगत नसे. "हूं म्हण वं माय," ती समीक्षाला म्हणाली. "नाही तं मी काय भिंतीले सांगू?"

समीक्षा हसली आणि तिच्या शेजारी पोत्यावर टेकली. रस्त्यावरच्या माणसांच्या कहाण्या ऐकायच्या आणि संस्थेच्या पुस्तकात छापायच्या, हे तिचं काम. पुढं त्या माणसांचं काय होतं, ते कोणी छापत नसे.

"लेकानं मले इथं बसवलं," म्हातारी सांगू लागली. "आलोच म्हने."

"हूं."

"मंग मी वाट पाहून राह्यली."

"हूं."

ऊन उतरलं. समीक्षाला घराची ओढ लागली. "आता उठतो आजी. लेकरू अंगावर पेते माझं."

"उठ नं. मी कुठं धरलं तुले?"

समीक्षाच्या तोंडून "हूं" निघालं. तिनं ओठ घट्ट मिटले, तरी गळ्यातून परत आलं, "हूं." म्हातारी तर केव्हाची गप्प होती. पोत्यावरून पाय हलेनात.

तेवढ्यात समीक्षाचा नवरा कपिल गाडी घेऊन आला. तिनं जिवाच्या आकांतानं हात हलवला. त्यानं पाहिलं. तिथं बसलेल्या माणसाकडं तुम्ही-आम्ही पाहतो तसंच पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

"काय वं, आटोपलं का तुझं?" त्यानं रुक्माबाईला विचारलं.

"हो, चाला. लेकरू रडत असन," रुक्माबाई म्हणाली, आणि पदर खोचून त्याच्या मागं गाडीवर बसली.

समीक्षानं सारा जीव गोळा करून नवऱ्याला हाक मारली.

"हूं."