मागचं दार

शेवटचा स्क्रू गंजून बसला होता. तुळशीरामने त्यावर रॉकेलचे दोन थेंब सोडले, जरा थांबला आणि पेचकस फिरवला. जीपच्या मागच्या दाराला आतून लावलेली रेक्झिनची फळी सुटून त्याच्या हातात आली.

"भाऊजी, जवळ या," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली तुमी सांगून राह्यले. आज पाहूनच घेऊ."

उकंडराव जागचा हलला नाही. सकाळपासून तो चिखलीच्या या गॅरेजात उभा होता, पण जीपला त्याने हात लावला नव्हता. एके काळी ती तोच चालवायचा. नारायणराव देशमुखांची बंद बॉडीची जीप. पुढे ड्रायव्हर, मधे पत्र्याची आडभिंत, मागे घरातल्या बायका. खिडक्यांना जाळ्या. मागच्यांना उतरायला एकच दार.

पासष्टच्या भादव्यात पैनगंगेवरच्या फरशीच्या ठेंगण्या पुलावर गाडी बंद पडली आणि वरून लोंढा आला. सकाळपासून पाऊस होता. मागे नारायणरावांची आई, अन्नपूर्णाबाई, एकटीच झोपलेली. उकंडराव कमरेएवढ्या पाण्यातून मागे गेला आणि दार ओढू लागला. आतून म्हातारीही ओढत होती. दार उघडलं नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा त्याचे पाय सुटले. खाली दोन शेतं पलीकडे एका बाभळीने त्याला अडवलं. म्हातारीला कोणी अडवलं नाही.

पंचनामा चौथ्या दिवशी झाला. चारही दिवस कडक ऊन पडलं होतं. जमादाराने दार एका बोटाने उघडलं. सगळ्या गावाने ते पाहिलं.

त्या दिवसापासून उकंडराव म्हणजे म्हातारीला टाकून पळालेला ड्रायव्हर. नोकरी गेली. लेकीची सोयरीक दोनदा मोडली. त्याची बायको वच्छलाबाई भर दुपारी पाण्याला जाऊ लागली, विहिरीवर कोणी नसताना. तो मात्र विचारेल त्याला एकच सांगत राहिला, "म्या ओढलं होतं. दार उघडलं नाही." पुढे पुढे कोणी विचारेनासं झालं.

आता जीप डोणगावच्या एका भाजीवाल्याने घेतली होती. आतल्या कुजलेल्या फळ्या काढून त्याला नव्या बसवायच्या होत्या. तुळशीराम वच्छलाबाईचा भाऊ. कामाला हात घालण्याआधी त्याने मेहुण्याला निरोप धाडला होता.

"पाहा ना! आता तरी पाहा!"

दाराच्या पोकळीत, हँडलपासून कुलपापर्यंत, एक सळई गेली होती. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही हँडल त्याच सळईवर चालायची. सळईभोवती कापूस गुंडाळून वरून चिंधी आवळली होती आणि चिंधीचं टोक दाराच्याच आतल्या पट्टीला बांधलं होतं. तुळशीरामने हँडल ओढलं. सळई सरकली, दार उघडलं. त्याने ते पुन्हा लावलं, माठातून तांब्याभर पाणी आणलं आणि चिंधीवर ओतलं. विडी पेटवली. ती संपेपर्यंत ओढली. मग पुन्हा हँडल ओढलं.

हललं नाही. त्याने दोन्ही हात लावले, पाय टायरला टेकवून ओढलं. नाही.

"भिजली का आवळते, सुकली का ढिली होते." तुळशीराम हसत सुटला. "सुटले तुमी भाऊजी! दाराची खडखड बंद कराले कोन्या तरी येड्यानं हे बांधून ठेवलं. म्हातारीले त्यानं मारलं, तुमी नाही. नारायणराव आज कापसाच्या बाजारात आले हायेत. घेऊनच येतो. पाहू द्या त्याईले त्याईच्याच डोयानं."

तो पळतच गेला.

उकंडराव दाराजवळ आला. चिंधी हिरव्या लुगड्याची होती, काठ विटकरी. ते लुगडं वच्छलाबाईने फाडलं होतं. आणि ती गाठ, बैलाचं दावं खुंट्याला बांधतात ती. म्हातारीला अर्धशिशी होती. दाराच्या खडखडीने तिचं डोकं उठायचं. पोळ्याच्या आठ दिवस आधी, एका रिकाम्या दुपारी, त्याने घरीच फळी उतरवून हे बांधलं आणि फळी परत लावली. एवढ्याशा कामाचं कोणाला काय सांगायचं? पुढच्या फेरीला अन्नपूर्णाबाई म्हणाली होती, "उकंड्या, आज डोया लागला रे बाप्पा." तो सुखावला होता. नंतर विसरूनही गेला.

भिजलं दावं आवळतं हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत होतं. मोटारीच्या दारात ते आठवलं नव्हतं.

दोन वर्षं लोक त्याला भेकड म्हणत होते आणि तो घरी येऊन आपले तळहात पाहत होता. या हातांनी ओढलं होतं. तेवढं एक त्याच्याजवळ होतं.

तुळशीरामच्या पेटीत सुरी होती. त्याने गाठ कापली, कापूस ओढून काढला, सगळं बंडीच्या खिशात कोंबलं. ओल्या चिंधीचा गारवा कातडीला लागला.

नारायणराव आले. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच त्याच्या इतक्या जवळ उभे राहिले. तुळशीराम बोलत बोलत पुढे झाला, दाराच्या पोकळीत वाकला. आत नुसती सळई होती. त्याने वळून मेहुण्याकडे पाहिलं. बंडीच्या खिशातून पाणी ठिबकत होतं.

"भाऊजी, ते तं..."

नारायणरावांनी हँडलला बोट लावलं. दार उघडलं.

"काऊन रे उकंड्या," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "दार तं उघडते."

"हाव मालक," उकंडराव म्हणाला. "म्या ओढलंच नव्हतं."