अर्ध्यावर गेलेलं नेट

उत्कर्षाने पुण्यात खराडीच्या फ्लॅटमध्ये जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घरच्या नेटसाठी, कुणाला कधी नेट मिळेल हे ठरवणारी फायरवॉल बसवली होती. नवऱ्यालाही, रणजितला, तिने ती चालवायला हौसेने शिकवलं होतं.

आज बंगळूरच्या नोकरीची ऑनलाइन परीक्षा अर्ध्यावर असताना तिचं नेट गेलं आणि पेपर आपोआप बंद झाला.

"जाऊ दे गं, आपलं नेटच तसलं," म्हणत रणजितने चहा पुढे केला.

आपलंच काहीतरी चुकलं असणार म्हणून तिने फायरवॉल उघडून पाहिली. परीक्षेच्या वेळी फक्त तिच्या लॅपटॉपचं नेट बंद करायचा नियम त्यात घातलेला होता, रणजितच्या लॉगिनमधून.

"का रे असं केलंस?" तिने विचारलं.



"तू नक्की पास झाली असतीस," तो खाली बघत म्हणाला.