एक तरी गैरहजेरी

"एखादी तरी गोळी चुकली असेल," डॉक्टर म्हणाल्या. "चुकली असेल तर बरंच. नेमाने घेतली की रक्तातला वाढलेला आकडा पुन्हा खाली येईल."

"आणि चुकली नसेल तर?" शिंप्याच्या बायकोने विचारलं. ती शाळेत शिकवते. घरीही सगळे तिला बाईच म्हणतात, शिंपीसुद्धा.

"तर जनुकात आणखी एक बदल झालाय. पहिल्या बदलाने हा रक्ताचा कर्करोग झाला. त्याला ही गोळी धरून होती. नवा तिला जुमानत नाही. दुसऱ्या गोळ्या आहेत, पण एखाद्या बदलापुढे त्यातल्याही बहुतेक हात टेकतात. तपासणीला रक्त देऊन या. तोवर आठवा."

आता दोघं बाहेरच्या बाकावर. त्याच्या कोपरात कापसाचा बोळा. बाईच्या मांडीवर शाळेतली एक जादा हजेरीवही, जानेवारीपासून गोळीसाठी भरलेली. घेतली की निळी रेघ, चुकली तर लाल फुली. डॉक्टरांना दाखवायला तिने मोठ्या तोऱ्यात आणली होती.

जानेवारी. एकतीस रेघा.
फेब्रुवारी. अठ्ठावीस.
मार्च.

"मार्चमध्ये तुम्ही भावाकडे राहिला होतात."

"तू फोन धरून बसलीस. गिळल्याचा आवाज ऐकवला, तेव्हा कुठे सोडलंस."

एप्रिल. तीस.
मे. एकतीस.

"जूनमध्ये ताप होता. झोपून होतात."

"उठवलंस."

"उलटी झाली होती."

"गोळीनंतर चार तासांनी. घड्याळ तूच बघितलंस."

जुलै. ऑगस्ट. निळं. निळं. निळं.

"अहो, एखादी थुंकली असेल. खिशात टाकली असेल. सांगा ना. मी ओरडणार नाही."

"तुझ्या धाकात थुंकतोय कोण?" तो हसायला गेला. तिचा चेहरा बघून थांबला. "मनात आलं होतं पुष्कळदा. धीर झाला नाही."

ती पुन्हा जानेवारीपासून सुरू झाली. एकेका रकान्यावर बोट ठेवत. सव्वीस वर्षांत तिने एकाही पोराची हजेरी खोटी मांडली नव्हती. साहेब तपासणीला यायचे तेव्हासुद्धा नाही.

"बाई," शिंपी हळूच म्हणाला, "मांड फुली. आठ-दहा मांड."

"रक्तात निघायचं ते निघेलच."

"निघू दे. अहवाल यायला तीन आठवडे आहेत. तोवर चुकलीच म्हणू."

तिने पर्समधून लाल पेन काढलं. अकरा मार्च. रेघेवर फुली. बारा मार्च. एकही फुली रकान्याबाहेर गेली नाही.

आतून त्याचं नाव पुकारलं. शिंपी उठला. ती वही उघडीच धरून मागोमाग गेली. शाई अजून वाळली नव्हती.