उरलेलं एक बक्षीस

न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरल्या दुकानात ओडेट रोज विचारायची, “त्या खरवडायच्या लॉटरी तिकिटाचं मोठं बक्षीस कुणी नेलं का रे?” दुकानदार मोबाइलवर अजून न नेलेल्या बक्षिसांची यादी बघून म्हणायचा, “एक शिल्लक आहे, काकू. घ्या की!” ती तोंड पाडून परतायची. ते बक्षीस तिच्या नवऱ्यालाच लागलं होतं. रविवारी लॉटरीचं ऑफिस बंद, म्हणून तिकीट खिशात घालून तो मासेमारीला गेला, आणि बोट परतलीच नाही. बक्षीस कुणी नेलं, तर तो कुठंतरी जिवंत आहे, एवढीच तिची आशा. आज शेजारचा अदेलिनो अख्खी गड्डी मागत होता. “तिकिटं थोडी उरलीत, बक्षीस अजून आहे, काकू! मी वॉशिंग मशीन विकलं. बायको कपडे हातानं बडवतेय, आठवड्याभराचाच प्रश्न!” ओडेटनं त्याचा हात धरला. “नको घेऊस. ते तिकीट इथं नाही.” “मग कुठंय?” “समुद्रात,” ती पहिल्यांदाच म्हणाली.