घरातला नियम

हिंदी मुलखात, सेक्टर सहातल्या क्वार्टरमध्ये सिंधुताईंचा एकच नियम होता, घरात मराठीच बोलायचं. लेक गुंजन मात्र हट्टाने हिंदीतच उत्तर द्यायची.

सरकारविरुद्धचं एक पत्रक वाटलं म्हणून पोलिसांनी गुंजनला सुरक्षा कायद्याखाली उचललं. आठ महिन्यांनी जेलच्या जाळीपल्याड ती दिसली, तशा सिंधुताई म्हणाल्या, "कावून एवढी वाळली वं माय?"

"हिंदी में बोलिए," शेजारी उभा शिपाई म्हणाला. "हमको समझा नहीं, तो मुलाकात बंद."

सिंधुताईंना हिंदीत भाजीचा भाव करता येई, पण लेकीला काय विचारावं ते सुचेना. दहा मिनिटं त्या नुसत्या बघत राहिल्या.

वेळ संपत आली तशी गुंजन पहिल्यांदाच मराठीत बोलली, "आई, तू जेवून राहिली ना बराबर?"

सिंधुताई घाबऱ्याघुबऱ्या होऊन ओरडल्या, "हिंदी में बोल बेटी, हिंदी में!"