जाळीखालचा ठोका

नव्या पिंजऱ्यातल्या दोन सशांपैकी एक मागचा पाय आपटायचा आणि लगेच तेवढाच ठोका जमिनीखालून उमटायचा.

“प्रतिध्वनी आहे,” कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी दमयंती नवऱ्याला, विश्वजितला म्हणाली. मुंगसाने खणून आत शिरू नये म्हणून सिडकोतल्या घराच्या अंगणात तिने स्वतः हातभर खोल जाळी पुरली होती. जाळीखाली नुसता मुरूम होता.

दुपारी मात्र ठोका आधी खालून आला. झोपलेले दोन्ही ससे दचकून कोपऱ्याला चिकटले.

“मॅडम, प्रतिध्वनी आधी येतो का?” विश्वजितने थट्टा केली, पण तो पिंजऱ्यापासून दोन पावलं मागे सरकला. हे घर सोडू या, असं तो वर्षभर म्हणत होता आणि ती ‘बघू’ म्हणून टाळत आली होती.

पुढचा ठोका पायरीखाली झाला, त्यानंतरचा स्वयंपाकघरात. पाठोपाठ कुणीतरी टाच आपटली. दमयंती आत धावली. पाच वर्षांची स्वराली फरशीकडे बघून हसत होती.

“काय करतेस गं?”

“खालून कुणीतरी हाक मारतंय, आई. मी ओ दिली.”

दमयंतीने तिला उचलून घेतलं. ठोका आता तिच्या पावलांखाली आला. ती बाजूला सरकली, तसा तोही सरकला.

“विश्वजित,” ती ओरडली, “आपण हे घर सोडतोय. आत्ता!”